चाळीस पावलांवरचा परदेश

आमच्या बालवाडीत तेव्हा चौसष्ट मुलं होती, दोन शिक्षिका होत्या आणि एक चेंडू होता. शिक्षिकांतली मोठी म्हणजे एन्योनाम दावी. थोरल्या बहिणीला आमच्याकडे दावी म्हणतात, आणि आमचं अख्खं आफ्लाओ गाव तिला दावीच म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. धाकटी मी, अकोफा. चेंडूबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तो दिवसातून चारदा परदेशात जायचा.

कारण आमच्या शाळेची मागची भिंत हीच देशाची हद्द. भिंतीच्या अलीकडे घाना, पलीकडे टोगो. पलीकडेही बालवाडीच होती, मादाम फिलोमेनची. मुलं इकडची काय नि तिकडची काय, सगळी एवे भाषाच बोलायची आणि निम्मी एकमेकांची मावसभावंडं. फक्त आम्ही त्यांना इंग्रजीत एक-दोन-तीन शिकवायचो आणि मादाम फ्रेंचमध्ये. मोरीचं पाणी जातं तिथल्या दोन-तीन विटा कधीच्याच निघाल्या होत्या. पाच वर्षांचं पोर आडवं होऊन सहज पलीकडे जायचं. मोठ्यांनी जायचं तर नाक्यावरून, कागद दाखवून, वळसा घालून.

खेळणी म्हणाल तर बाटल्यांची झाकणं. मोजायलाही तीच. लिहायला सिमेंटच्या पिशव्यांचा कागद. दावीला हे सहन व्हायचं नाही. तिनं चार वर्षांत परदेशी संस्थांना चोवीस पत्रं लिहिली. एकीकडून बर्फाच्या चित्रांचं कॅलेंडर आलं. दुसरीकडून आल्या लोकरीच्या टोप्या, कान झाकणाऱ्या, साठ. आमच्याकडे कान झाकण्याइतकी थंडी कुणाच्या आजोबांनीही पाहिलेली नाही. मुलांनी त्या टोप्या एक दिवस घातल्या, घामाघूम झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात झाकणं ठेवायला लागली.

मग पंचविसाव्या पत्राला उत्तर आलं. युरोपात उत्तरेकडची एक संस्था, नाव 'उद्याची मुलं'. बालवाड्यांना साहित्य देणार, लॅपटॉप देणार, मुलांच्या भेटी घडवणार. अट एकच, दुसऱ्या देशातली निदान एक बालवाडी सोबत भागीदार म्हणून हवी.

दावीनं अट दोनदा वाचली. पलीकडे मादाम कुणाला तरी फ्रेंचमध्ये रागावत होती. दावी उठली, स्टूल भिंतीला लावलं आणि वर चढली.

"फिलोमेन! ए फिलोमेन!"

"चेंडू इकडे आलेला नाही."

"चेंडू राहू दे. माझी आंतरराष्ट्रीय भागीदार होतेस का?"

पलीकडून आवाज आला, "मादाम म्हण."

"बरं, मादाम. होतेस का?"

"असले करार भिंतीवरून ओरडून होत नसतात. माझी संस्था सरकारमान्य आहे. शिक्क्याचं पत्र पाठव. टपालानं."

दावीनंही माघार घेतली नाही. तिनं पत्र लिहिलं, शिक्का मारला, तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. पत्र आधी चार तास पश्चिमेला, राजधानीला, आक्राला गेलं. तिथून कुठे हिंडलं देव जाणे. चौतीस दिवसांनी ते लोमेला, म्हणजे आमच्या भिंतीमागे पोचलं. मधल्या काळात दोघी रोज सकाळी टोमॅटोवालीकडे भेटत होत्या.

"आलं का गं पत्र?"

"कसलं पत्र? मला कसलंही पत्र आलेलं नाही," मादाम टोमॅटो दाबून बघत म्हणायची.

पत्र पोचल्यावर मादामनं उत्तर पाठवलं. तेही टपालानं. दावीचा जीव टांगणीला. एकदा ती बाजारात सरळ म्हणाली, "हो की नाही, एवढं तर सांग. कुणाला सांगणार नाही मी."

"उत्तर रवाना झालंय," मादाम म्हणाली. "सरकारी गोष्ट तोंडी सांगता येत नाही, एन्योनाम. आणि हे टोमॅटो घेऊ नकोस, आतून काळे आहेत."

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना उत्तर आलं. होकार होता.

अर्ज माझ्या फोनवर भरायचा होता. सगळं नीट चाललं होतं, पण 'दोन देशांच्या वेळेतला फरक' ह्या चौकटीशी गाडी अडली. घाना आणि टोगोची वेळ एकच. मी शून्य लिहिलं, चौकट लाल झाली. परत शून्य, परत लाल. पुढचं पान उघडेचना.

"एक लिही," दावी म्हणाली.

"पण दावी, ते खोटं..."

"खोटं बोलणारी बाई नाही मी. खाली शेरा लिहायला जागा आहे ना? तिथे लिही, वेळेत फरक नाही, चौकट ऐकत नाही म्हणून एक लिहिलाय. आणि हेही लिही, आमच्या दोन शाळांमध्ये चाळीस पावलांचं अंतर आहे. थांब, मोजून येते."

ती वर्गाच्या दारापासून भिंतीपर्यंत चालत गेली, तिथून मादामला पलीकडची पावलं मोजायला लावली. एकतीस आणि नऊ. शेरा लिहिला. तो कुणी खरा धरला नाही, हे आम्हाला फार पुढे कळलं.

दोन महिन्यांत लॅपटॉप आले, एक इकडे, एक तिकडे. संस्थेच्या बेंटेबाईंशी बोलायचा दिवस ठरला. वेळापत्रक आलं त्यात लिहिलं होतं, घानात दहा वाजता, टोगोत अकरा वाजता. मादाम शिस्तीची बाई. तिनं भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे केलं. मुलांना एकदा जेवण लवकर मिळालं म्हटल्यावर ती पुन्हा जुन्या वेळेला यायला तयार होईनात, म्हणून ते घड्याळ तसंच राहिलं. त्या वर्षभर भिंतीपलीकडे खरोखरच एक तास पुढचा असायचा.

तर त्या दिवशी पडद्यावर एका खणात मादाम आणि तिची मुलं, दुसऱ्यात बेंटेबाई. पांढरे केस, गळ्यात जाड मफलर, चेहरा इतका प्रेमळ की दावीनं बसल्या जागी पदर सारखा केला. मादामच्या मुलांनी गाणं म्हटलं. ते आधी भिंतीवरून ऐकू यायचं आणि मग लॅपटॉपमधून, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा.

"थोडासा आवाज घुमतोय," बेंटेबाई म्हणाल्या. "पण छान वाटतंय."

आमच्या वर्गात सेफाकोर नावाची एक मुलगी होती, पाच वर्षांची, रागीट, आजीच्या हाताखाली वाढलेली. पडद्यावर तिला तिचा मावसभाऊ दिसला. त्याच्या हातात लाल पेन्सिल होती.

"ती माझी आहे!" ती ओरडली आणि वर्गाबाहेर पळाली.

मी तिला पकडायला उठले, तोवर ती पडद्यात आली. गुडघ्याला चिखल. तिनं भावाच्या हातातली पेन्सिल हिसकावली, त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि पडद्याबाहेर गेली. थोड्या वेळानं ती माझ्या शेजारी येऊन बसली, धापा टाकत.

बेंटेबाई टक लावून बघत होत्या. "अरेच्चा!" त्या म्हणाल्या. "दोन्ही देशांतली मुलं किती सारखी दिसतात! फ्रॉकसुद्धा तसाच!"

"बाई," दावी म्हणाली, "ती तीच मुलगी आहे."

बेंटेबाईंचे डोळे भरून आले. "किती खरं बोललात. शेवटी सगळी मुलं म्हणजे एकच मूल." आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"नाही बाई, मला म्हणायचंय, आम्ही अगदी जवळ आहोत."

"मला दिसतंय ते," छातीवर हात ठेवून बेंटेबाई म्हणाल्या. "मनं जवळ असली की बाकी काय लागतं?"

दावीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पुढचं बोलणं मादामनं फ्रेंचमध्ये सुरू केलं आणि ते तिथेच राहिलं.

मग खेळण्यांच्या पेट्या आल्या. आमची तेमा बंदरातून, मादामची लोमे बंदरातून. सुंदर लाकडी प्राणी, एकेक हातभर लांब, पण अर्धे. आमच्या पेटीत पुढचे अर्धे, मादामच्या पेटीत मागचे. मध्ये जोडायला खुंट्या. सोबत सूचना होती, सहकाराची भावना वाढावी म्हणून प्रत्येक प्राणी दोन देशांत विभागला आहे, मुलांनी आपापले अर्धे प्राणी पडद्यावर एकमेकांना दाखवावेत आणि पूर्ण प्राण्याची कल्पना करावी.

मुलांनी कल्पना वगैरे केली नाही. अर्ध्या तासात मोरीतून मागचे पाय यायला लागले.

दोन दिवसांनी गामेली आला. हा नाक्यावरचा जकात अधिकारी. तो गणवेशात आला, काखेत फाईल. दावी त्याला एफो म्हणायची, म्हणजे दादा, पण त्या दिवशी त्याचा चेहरा दादा म्हणण्यासारखा नव्हता.

"दावी, ही ढुंगणं कुठून आली?"

"कसली?"

"हत्तीचं एक, जिराफाची दोन, झेब्र्याचं एक. तुझ्या नावावर तेमाला उतरली ती फक्त तोंडं. हा बघ कागद."

"एफो गामेली, तुझी स्वतःची मुलगी ह्या वर्गात आहे. तिनंच आणली ती."

गामेलीनं मुलीकडे बघितलं. मुलीनं जिराफ पाठीमागे लपवला. जिराफ उंच असल्यामुळे तो तिच्या डोक्यावरून बापाकडे बघत राहिला.

"तिचं काय ते मी घरी बघतो," गामेली म्हणाला. "पण कायदा कायदा आहे. तोंडं तुझी, मान्य. मागचा भाग आयात करायचा तर परवाना लागतो."

"आणि तोंडं पलीकडे पाठवली तर?"

तो विचारात पडला. फाईल उघडली, मिटली. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याला असला प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो मनापासून नोकरी करणारा माणूस होता. शेवटी त्यानं मार्ग काढला. प्राण्यांची तोंडं 'दुरुस्तीसाठी तात्पुरती परदेशी' म्हणून जाऊ शकत होती. तेव्हापासून एक शुक्रवार सोडून एक मी टोपलीत बारा तोंडं घेऊन नाक्यावर जायची, गामेली ती मोजायचा, टोगोचा पहारेकरी पुन्हा मोजायचा, आणि आठवडाभर ते प्राणी पलीकडे धडधाकट जगायचे. पुढच्या शुक्रवारी तोंडं परत. मागचे भाग मात्र आठवडाआड मोरीतून येतच राहिले. गामेलीनं शाळेकडे यायचंच बंद केलं, म्हणजे त्याला काही दिसायला नको.

एवढ्यावर थांबतं तर ही गोष्ट कुणी सांगितली नसती. पण करारात मुलांची भेट होती. आमची सहा मुलं तीन दिवस टोगोच्या शाळेत राहणार. तारीख ठरली आणि बेंटेबाईंच्या कार्यालयातून विमानाची तिकिटं आली. आक्रा ते लोमे.

दावीनं तिकिटं हातात धरली आणि खुर्चीत बसली. "म्हणजे आपण चार तास गाडीनं आक्राला जायचं," ती हळूहळू म्हणाली, "आणि तिथून विमानानं ह्या भिंतीच्या मागे यायचं?"

"तसंच दिसतंय, दावी."

तिनं लगेच पत्र लिहिलं. विमान नको, आम्ही चालत येऊ. बेंटेबाई सुटीवर होत्या, उत्तर प्रवास विभागाकडून आलं. सीमेवरून रस्त्यानं जाणं धोक्याचं मानलं जातं. पायी प्रवासाला विमा लागू नाही. भेट रद्द झाल्यास करार रद्द.

"जाऊया गं," मी म्हटलं. "मी कधी विमानात बसले नाही."

"मीही नाही," दावी म्हणाली. मग जरा वेळानं, "पण आपण मागितलं नव्हतं, हे लक्षात ठेव."

मुलांचे पासपोर्ट काढायचे होते. एलिकेम नावाच्या मुलाचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले येत होते. सातव्या फोटोत ते उघडले आणि तोंड वाकडं झालं, तोच फोटो लावला. पालकांची सभा घेतली तेव्हा सेफाकोरची आजी उभी राहिली. यावा तिचं नाव. ती बाजारात आबोलो विकायची, मक्याचे वाफवलेले मऊ गोडसर उंडे. तिचं घर शाळेला लागूनच.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"तीन."

"कुठे राहणार?"

"मादाम फिलोमेनकडे."

"तिथे तर ही रोज जाते," कुणीतरी मागून म्हणालं.

"विमानानं गेली नाही कधी," यावा आजी त्याच्याकडे वळून म्हणाली, आणि तिथेच डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी तिनं नातीसाठी पांढरे मोजे आणले, नवे कोरे.

निघायच्या सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. भिंतीवरून मादामचं डोकं दिसलं. केस विंचरायचे राहिले होते. "प्रवास सुखाचा होवो," ती गंभीरपणे म्हणाली. "संध्याकाळी मी स्वागताला उभी असेन." आणि खाली उतरून अंगण झाडायला लागली. झाडूचा आवाज आम्हाला गाडी सुटेपर्यंत येत होता.

आक्रापर्यंत दोन मुलांना उलट्या झाल्या. विमानात सगळी चिडीचूप. एका बाईनं गोळ्या वाटल्या, आणि एलिकेमची गोळी तोंडात विरघळायच्या आत पट्टे बांधायला सांगितलं. दावी खिडकीशी होती. खाली समुद्राचा काठ, केटाची खाजण, नारळ, आणि मग एकाएकी तिनं माझा दंड धरला.

"अकोफा. ते आपलं छप्पर."

खरंच आमचं निळं पत्र्याचं छप्पर होतं. त्याला चिकटून मादामचं लाल. मधली भिंत दिसतसुद्धा नव्हती.

"त्यांना म्हणावं, इथेच थांबवा," दावी पुटपुटली. "उतरतो आम्ही."

विमान छपरांवरून पुढे गेलं, वळलं आणि उतरलं.

टॅक्सीनं मादामच्या शाळेत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मादाम दारात, ठेवणीतलं कापड नेसून. तिच्या बाजूला बेंटेबाई, आदल्या दिवशीच येऊन पोचलेल्या, हातात फुलं. मुलांनी स्वागताचं गाणं म्हटलं, ते आम्हाला पाठच होतं, रोज ऐकतो. बेंटेबाई सेफाकोरसमोर गुडघ्यांवर बसल्या.

"फार लांबून आलीस ना? दमलीस?"

मी एवेत सांगितलं. सेफाकोर गंभीरपणे म्हणाली, "खूप लांबून. आधी गाडी, मग विमान, मग टॅक्सी."

तेवढ्यात आवाज आला, "सेफाकोर! मोजे काढ गं मातीतून चालताना!"

भिंतीवर यावा आजीचं डोकं होतं. ती आमच्याच स्टुलावर चढली होती.

"ह्या कोण?" बेंटेबाईंनी विचारलं.

"घानाच्या नागरिक," मादाम म्हणाली.

"मुलीची आजी," दावी म्हणाली.

"आजीसुद्धा आल्या? कशा आल्या?"

"आल्या नाहीत. त्यांच्या घरीच आहेत."

बेंटेबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या. मादामनं मुकाट्यानं एक खुर्ची नेऊन ठेवली, त्या वर चढल्या आणि पलीकडे बघितलं. आमचा वर्ग, निळं दार, दारावरचा अंकांचा तक्ता, हे सगळं त्यांनी वर्षभर पडद्यावर पाहिलेलं. लोकरीच्या टोप्या दोरीवर वाळत होत्या. यावा आजीनं अगदी जवळून त्यांना नमस्कार केला आणि एक आबोलो हातात ठेवला.

त्या खाली उतरल्या, मुलांच्या छोट्या खुर्चीत बसल्या. चेहरा लालेलाल. आम्ही सगळे उभे. माझ्या मनात एकच, आता लॅपटॉप गेले.

"चाळीस पावलं," त्या म्हणाल्या. "अर्जात तुम्ही लिहिलं होतं. मला वाटलं, ती कविता आहे."

"मी कविता करत नाही, बाई," दावी म्हणाली. "मी पावलं मोजली होती."

"आणि मी तुम्हाला विमानानं फिरवून आणलं."

"विमान चांगलं होतं," दावी नम्रपणे म्हणाली.

बेंटेबाईंचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, मला कळेना. आबोलो तसाच हातात. मादामनं त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यांदाच एवढ्या दिवसांत दावीकडे बघून हसली, तेही गालातल्या गालात.

जरा सावरल्यावर बेंटेबाई म्हणाल्या, निदान झोपायला तरी मुलांना घरी जाऊ द्या. मी मुलांना विचारलं. एलिकेमचा चेहरा पडला. सेफाकोरनं तर पायच आपटला. "मी परदेशात आहे!"

"अगं, ती बघ आजी."

"शनिवारी भेटेन तिला."

भिंतीवर यावा आजी हुंदके द्यायला लागली. "शनिवारपर्यंत! कशी राहशील गं माझी बाय!" आणि आम्हाला कुणालाच, त्या क्षणी, त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पोर खरंच लांब गेली होती.

ते तीन दिवस मुलं मादामच्या शाळेत चटयांवर झोपली. रोज दुपारी सेफाकोर भिंतीशी जाऊन परदेशची हकिकत सांगायची.

"इथे पाव लांब असतो, आजी."

"किती लांब?"

"माझ्या हाताएवढा."

"आणि पाणी कसं आहे?"

"आपल्यासारखंच."

"तरी बेतानं पी. परकी जागा ती."

बेंटेबाईंनी शिक्षिकांसाठी मोठं व्याख्यान तयार करून आणलं होतं. ते त्यांनी पिशवीतून काढलंच नाही. मुलांबरोबर जमिनीवर बसायच्या, त्यांच्या हातातून जेवायच्या, मागच्या पायांना तोंडं जोडायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलं झोपल्यावर, त्यांनी दोघींना विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय?"

मला वाटलं, दोघी खेळण्यांची यादी देतील. पण मादाम म्हणाली, "माझी मुलं मोठी होऊन पलीकडे कामाला जातात. इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांना गडी समजतात."

"माझी इकडे येतात," दावी म्हणाली. "फ्रेंच येत नाही, म्हणून तसंच होतं."

"मग तुम्ही एकमेकींच्या वर्गात शिकवत का नाही?" बेंटेबाईंनी विचारलं.

अकरा वर्षं त्या दोघी एकमेकींच्या आवाजावर वर्ग घेत होत्या. चेंडू, विस्तव, मीठ, कुसळ काढायची सुई, सगळं त्या भिंतीवरून गेलं-आलं होतं. मी दावीकडे बघितलं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"तू कधी विचारलं नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"तूही नाही," मादाम म्हणाली. "आणि मी आधी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाईला मुलं मिळत नाहीत."

"म्हटलं असतं," दावीनं कबूल केलं.

शनिवारी परत जायचं तेही विमानानंच, नाहीतर विमा नव्हता. बेंटेबाई आमच्याबरोबर आक्रापर्यंत विमानात आणि तिथून आफ्लाओपर्यंत गाडीत आल्या, उलट्या होणाऱ्या मुलांना मांडीवर घेऊन. यावा आजीनं नातीला असं कवटाळलं की मोज्यांचं काय झालं ते बघायचंच राहून गेलं.

बेंटेबाईंनी अहवालात सगळं खरं लिहिलं. त्यांच्या कार्यालयानं त्यावर बैठका घेतल्या आणि नियम सुधारला. आता भागीदार निदान पाचशे किलोमीटर लांब हवा. म्हणजे पुढच्या वर्षापासून आम्ही बाद. प्राणी राहिले, लॅपटॉप राहिले. बेंटेबाई कधीमधी फोन करतात, कामाशिवाय, आणि सेफाकोरशी बोलतात. दोघींची भाषा वेगळी, पण दोघी बोलत राहतात.

दावी मात्र दर मंगळवारी मादामच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जाते आणि मादाम गुरुवारी आमच्याकडे येते. मादामचा आग्रह असा की शिक्षिकेनं रीतसर नाक्यावरूनच यावं. म्हणून दावी चांगलं कापड नेसते, डोक्याला रुमाल बांधते आणि पासपोर्ट घेऊन वळसा घालून जाते. जाताना दोन शिक्के, येताना दोन. वर्षभरात पासपोर्ट भरला. नवा घ्यायला ती आक्राला गेली, तेव्हा मी सोबत होते.

खिडकीतल्या माणसानं पानं उलटली. पुन्हा उलटली. त्यानं चष्मा काढला.

"बाई, तुम्ही व्यापार करता?"

"नाही."

"मग हे दीडशे शिक्के कसले? दर मंगळवारी परदेशात तुमचं काय काम असतं?"

"वीसपर्यंत अंक झालेत," दावी म्हणाली. "पुढच्या वर्षी शंभरपर्यंत न्यायचेत."

त्यानं चष्मा परत लावला, उठला, आत गेला, आणि जास्त पानांचा पासपोर्ट मिळतो, त्याचा अर्ज घेऊन आला.